दीडशे पानांचं लग्न, घरच्या अंगणात: आचारी, मांडव, भांडी आणि गुरुजी यांचं परीक्षण

कार्यालयात लग्न लावलं की हॉल, जेवण, सजावट, खुर्च्या असं सगळं एका पावतीवर येतं. घरी लावायचं ठरलं की त्याच गोष्टी पाच-सहा जणांकडून सुट्या सुट्या घ्याव्या लागतात: आचारी, मांडववाला, भांडीवाला, गुरुजी, पाण्याचा टँकर, फुलवाला. यातली कोणती सेवा पैसे मोजून घेण्याजोगी आहे, कोणतं काम घरच्या माणसांवर सोडावं आणि कोणती गोष्ट स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, ते इथे लिहिलं आहे. हिशेब दीडशे माणसांचा, सकाळच्या मुहूर्ताचा, शाकाहारी पंगतीचा आणि साधारण ३० बाय ४० फुटांच्या अंगणाचा. कोकणातलं घर असो की सातारा-पुण्याकडचं, आकडे फारसे बदलत नाहीत. पाहुणे दोनशेच्या पुढे जाणार असतील तर अंगणाचा हट्ट सोडावा. चौथी पंगत उठेपर्यंत चार वाजतात आणि मांडवातला जीव तोवर दमून गेलेला असतो.

आचारी: पाचपैकी पाच, पण मजुरीवर

जेवणाचे दोन मार्ग आहेत. केटरर ताटामागे दर सांगतो आणि शिजवलेलं जेवण टेम्पोतून आणतो. आचारी मजुरीवर येतो, सामान यजमानाचं, जागा यजमानाची, सोबत दोन-तीन मदतनीस. घरच्या लग्नाला दुसराच मार्ग घ्यावा. टेम्पोतून आलेला मसालेभात बंद टोपात दोन तास आपल्याच वाफेवर शिजत राहतो आणि वाढताना त्याचे गोळे पडतात. पुरी तर प्रवासात चामट होतेच. मागच्या पडवीत कढई चढलेली असली की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फुगलेली पुरी पडते, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा आचारी बोलवावा. तेल-तूप कोणतं वापरलं हे यजमानाला ठाऊक असतं आणि उरलेला शिधा घरातच राहतो.

आचारी कसा आहे हे त्याच्या यादीवरून कळतं. नुसता आकडा ऐकून लगेच यादी सांगणारा टाळावा. चांगला माणूस आधी विचारतो: पंगती किती, मुक्कामाला किती जण, सकाळी पोहे की उपमा, जिलबी जागेवर काढायची की बाहेरून आणायची, पाणी विहिरीचं की नळाचं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण जड पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही. अशा ठिकाणी तो डाळ रात्रीच भिजत घालायला सांगतो किंवा वरणापुरतं गोडं पाणी मागवतो.

वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात, पुरी, जिलबी, मठ्ठा या बेताला दीडशे पानांसाठी ताळा असा जमतो: साध्या भाताला ८ किलो तांदूळ, मसालेभाताला आणखी ८, वरणाला ४ किलो तूरडाळ, बटाटे १५ किलो, पुरीला १४ किलो कणीक आणि तीत किलोभर बारीक रवा. जिलबी १५ किलो. मठ्ठ्याला ८ किलो दही आणि त्यात साधारण १४ लिटर पाणी. काकडी ८ किलो, दाण्याचं कूट सव्वा किलो. पानावर वाढायचं तूप दीड किलो. लिंबं ४०, प्रत्येकाच्या चार फोडी. तळण आणि फोडण्या मिळून १५ किलोचा तेलाचा एक डबा. मुक्कामाच्या साठ माणसांना पोह्यांसाठी साडेचार किलो पोहे. चहाचे दिवसभरात तीनशे कप धरावेत, म्हणजे १८ लिटर दूध, ३ किलो साखर आणि पाऊण किलोपर्यंत पूड. यादीतला एखादा आकडा याच्या दीडपट दिसला तर कारण विचारावं. बहुतेकदा आचारी भीतीपोटी वाढवून सांगतो, क्वचित त्याला खरंच कारण असतं, उदाहरणार्थ गावातली मंडळी भातावर जास्त जेवणारी असली तर.

जेवण बिघडतं ते नेहमी त्याच चार-पाच ठिकाणी. बटाटे रात्री चिरून ठेवले की सकाळी काळे पडतात आणि उकडून ठेवले तर उन्हाळ्यात आंबूस वास येतो, म्हणून बटाटा पहाटे चारनंतरच चुलीवर चढवावा. ओल्या खोबऱ्याची चटणी वैशाखात सगळ्यात आधी विटते, ती पंगतीच्या तासभर आधी वाटायची. मठ्ठा अकराच्या आत घुसळायचा नाही, आणि घुसळला की मिठाशिवाय थंड पाण्याच्या घंगाळात ठेवायचा. मीठ, आलं, मिरची, कोथिंबीर ऐन वेळी. मसालेभात शंभर टक्के शिजेपर्यंत आचेवर ठेवला तर मोठ्या टोपातली उरलेली उष्णता त्याचा गिच्च करून टाकते. नव्वद टक्क्यांवर उतरवून अर्धा भात परातीत पसरला की शीत मोकळं राहतं. कोशिंबिरीत मीठ आणि दही शेवटी, नाहीतर पानावर पाण्याचा ओहोळ वाहतो आणि शेजारची जिलबी भिजते.

पितळी पातेल्यांची कल्हई हा वेगळा विषय आहे आणि तो कुणी विचारत नाही. गावातून किंवा देवळातून आणलेली पातेली दिसायला देखणी असतात, पण आतून कल्हई उडालेली असली तर चिंचेची आमटी, मठ्ठा, कोशिंबीर त्यात कळकते. चव तुरट होते आणि पोटंही बिघडतात. पातेल्यात हात फिरवून बघावा, तांबूस-पिवळा डाग दिसला की ते पाणी तापवायला द्यावं. आंबट पदार्थ स्टीलच्याच टोपात.

जिलबी जागेवर काढायची असेल तर आदल्या रात्री पीठ भिजवायला आणि पाक करायला स्वतंत्र माणूस लागतो. पुरीच्या कढईवरचा माणूस जिलबीकडे वळला की पंगत थांबते. दोन कढया आणि दोन माणसं मिळत नसतील तर जिलबी गावातल्या हलवायाकडून मुहूर्ताच्या वेळेला आणवावी. तिच्यात कमीपणा काही नाही.

पंगत आणि वाढपी: ही सेवा विकत घेऊ नये

वाढपी भाड्याने मिळतात. घेऊ नयेत. भाच्या, पुतणे, शेजारचे तरुण, नवरीच्या मैत्रिणी यांच्या हातून वाढलं गेलेलं जेवण आणि कंत्राटी हातांनी पुढे सरकवलेली वाटी यांत फार अंतर आहे. कोणाला गोड वर्ज्य आहे, कोणत्या आजोबांना भात मऊ लागतो, कोण लाजून नको म्हणतंय आणि कोणाला खरोखर नको आहे, हे घरच्यालाच कळतं. आग्रहाचा गोडवा तिथून येतो.

मात्र घरचे वाढपी आधी बसवून शिकवावे लागतात. पन्नास पानांना आठ जण पुरतात आणि प्रत्येकाकडे ठरलेला पदार्थ असतो. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, आमटी आणि गोड; मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. मीठ आणि लिंबाचं काम पोरासोरांना द्यावं, ती मन लावून करतात. गरम वरणाची बादली मोठ्यांकडेच. वाढप्यांनी पंगतीत एकाच दिशेनं चालायचं, हा नियम मोडला की समोरासमोर बादल्या आदळतात.

जागेचं गणित सोपं आहे. एका पाटाला दोन फूट रुंदी. समोरासमोरच्या दोन ओळींना, मधल्या वाढण्याच्या वाटेसह, दहा फूट खोली. तेव्हा चाळीस फूट लांबीच्या अंगणात चार ओळी तेरा-तेरा पानांच्या आरामात बसतात आणि हात धुवायला, गुडघे दुखणाऱ्यांच्या टेबलाला एका कडेला दहा फूट उरतात. तीन पंगती. एक पंगत पंचेचाळीस मिनिटं, उष्टं काढून पुन्हा पानं मांडायला पंधरा. साडेअकराचा मुहूर्त असेल तर पहिली पंगत सव्वाबाराला बसते आणि तिसरी तीनला उठते. पहिल्या पंगतीत म्हातारी माणसं, लहान मुलं आणि लांबचा प्रवास करून परत जाणारे. शेवटच्या पंगतीत वधूवर, विहीणबाई आणि घरचे. या पंगतीच्या पुऱ्या, भाजी आणि मठ्ठा आचाऱ्याला सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवायला सांगावं. पानाभोवती रांगोळी, उदबत्ती, घास भरवताना घेतलेले उखाणे हे सगळं या शेवटच्या पंगतीत होतं, आणि तिथेच जिलबी संपलेली असणं फार वाईट दिसतं.

उभ्यानं जेवायचं बुफे अंगणात टाळावंच. जागा वाचत नाही, अन्न जास्त वाया जातं, आणि घरी लग्न लावण्यातलं सगळ्यात मोठं सुख हातातून जातं.

भांडी, पानं आणि पत्रावळी

बऱ्याच गावांत तरुण मंडळ, देवस्थान किंवा समाजाच्या नावानं भांड्यांचा सामाईक संच असतो: टोप, पराती, झारे, बादल्या, ताटं, वाट्या, पेले. भाडं नाममात्र, वस्तू मजबूत. पहिली पसंती त्याला. शहराजवळच्या भांडीवाल्याकडून घ्यायची वेळ आली तर नेताना आणि परत देताना दोघांच्या समोर मोजणी करून वहीत लिहून घ्यावं. चमचे आणि वाट्या सगळ्यात जास्त हरवतात, उष्ट्याबरोबर टोपलीत जातात. उष्टं काढणाऱ्याच्या टोपलीशेजारी एक रिकामं घमेलं ठेवून वाट्या-चमचे आधी तिथे टाकायची सवय लावली की तूट जवळजवळ राहत नाही.

जेवायला कोकणात केळीचं पान, देशावर पळसाची पत्रावळ. केळीची पानं आदल्या संध्याकाळी कापून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावीत. ताज्या पानाची मधली शीर चटकन उलते, थोडं मलूल झालेलं पान चांगलं टिकतं. पळसाच्या पत्रावळी दुहेरी घ्याव्यात. एकेरी पत्रावळीच्या टाक्यांतून वरण खाली झिरपतं. आमटी आणि मठ्ठ्याला द्रोण वेगळे. दीडशे पानांना १८० पत्रावळी आणि ३५० द्रोण आणावेत. थर्माकोलच्या ताटांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी भांडीवाले अजून ती पुढे करतात, घेऊ नयेत. पळसाची पानं शेणखताच्या खड्ड्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी अंगण स्वच्छ असतं.

मांडववाला: पाचपैकी तीन

या व्यवसायात कामाची घाई फार. दोन तासांत पाइप उभे करून, वर झालरीचं कापड ताणून मंडळी पुढच्या लग्नाला जातात. कापडी छत दिसायला सुंदर, पण एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस दहा मिनिटांत ते खाली आणतो. कापडाच्या वर ताडपत्री आणि ताडपत्रीला उतार हे बोलणीच करताना ठरवून घ्यावं. मधला खांब बारा फूट, कडेचे नऊ फूट, म्हणजे पाणी साचत नाही. सपाट ताडपत्रीत पाण्याचे फुगे तयार होतात आणि ते नेमके खुर्च्यांवर फुटतात. वाऱ्यासाठी चारही कोपऱ्यांचे दोर जमिनीत मेखा मारून बांधलेले हवेत. वीट-दगडाला बांधलेला दोर झुळकेनंच सुटतो.

कोकणात अजून पोफळीचे खांब, बांबू आणि विणलेली झापं वापरून मांडव घालणारे लोक मिळतात. त्याला दोन दिवस लागतात, पण खालचा गारवा कुठल्याही कापडाखाली मिळणार नाही. असा माणूस मिळत असेल तर त्याला पाचपैकी पाच द्यावेत आणि झालरीवाल्याला नकार. अंगण सारवायचं असेल तर शेवटचा हात दोन दिवस आधी फिरवावा. ओलसर सारवणावर सतरंजी टाकली की खालून ओल येते आणि पैठणीला डाग लागतो.

विजेचं काम मांडववाल्याकडेच सोपवायची पद्धत आहे. त्याचे हॅलोजन नाकारून एलईडी दिवे मागावेत. घरच्या मीटरवर हॅलोजन, मिक्सर, पाण्याचा बंब आणि ध्वनिवर्धक एकदम चालू झाले की एमसीबी पडतो, आणि तो बहुधा मंगलाष्टकं चालू असताना पडतो. दीडशे माणसांच्या अंगणाला दोन छोट्या खोक्यांचा संच आणि एक चांगला माइक भरपूर आहे. ध्वनिवर्धकाला पोलीस ठाण्याची परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावा लागतो.

पाणी आणि संडास यांवर कमी खर्च करणं ही घरच्या लग्नातली सगळ्यात मोठी चूक. प्यायला वीस लिटरचे बारा जार. स्वयंपाक, हात धुणं, भांडी आणि संडास मिळून दोन हजार लिटरची एक वेगळी टाकी भरून ठेवावी, विहिरीच्या भरवशावर राहू नये. दीडशे माणसांना घरचा एक संडास पुरत नाही. शेजारची दोन-तीन घरं आधीच विचारून ठेवावीत, तिथे बादली-साबण ठेवावा आणि दाराशी बाण लावावा. शेजार नसेल तर फिरती शौचालयं भाड्यानं घ्यावीत.

गुरुजी आणि साहित्य

गुरुजी निवडताना आवाजापेक्षा सवय बघावी: ते प्रत्येक विधीच्या आधी दोन वाक्यांत अर्थ सांगतात का? अंगणातल्या लग्नात शेवटच्या ओळीतला माणूससुद्धा होमापासून तीस-पस्तीस फुटांवर असतो. इथे लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो ते सगळ्यांना दिसतं, सप्तपदीचं एकेक पाऊल मोजता येतं, कानपिळीला सगळे हसतात. अर्थ सांगणारा गुरुजी असला की दीडशे माणसं दोन तास हलत नाहीत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीनं तयार केलेले पुरोहित, त्यांत स्त्रियाही आहेत, मराठीतून अर्थ सांगत विधी करतात. ती पद्धत घरच्या लग्नाला फार शोभते. ज्यांना पुरोहिताशिवाय लग्न लावायचं आहे त्यांच्यासाठी १८७३ मध्ये सुरू झालेली सत्यशोधक पद्धतही अंगणात तितकीच साजते आणि तिला साहित्य अगदी थोडं लागतं.

आधी ठरवायच्या गोष्टी: संपूर्ण विधी की संक्षिप्त, किती वाजता सुरुवात, एक गुरुजी की दोन, होमकुंड कोण आणणार, दक्षिणा किती. वाङ्‌निश्चय, सीमांतपूजन, पुण्याहवाचन, देवक हे आदल्या संध्याकाळी उरकलं तर मुहूर्ताच्या सकाळी धावपळ होत नाही. मुहूर्ताच्या आधी गौरीहरापाशी बसलेल्या मुलीला तिच्या स्वतःच्या घरातल्या देवघरासमोर अर्धा तास शांत बसता येतं, हे कार्यालयातल्या खोलीत कधी जमत नाही.

पूजाभांडारात मिळणारी लग्नसाहित्याची तयार पिशवी घ्यायला हरकत नाही, पाचपैकी साडेतीन. हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, जानवी, कापसाची वस्त्रं, कुंकू, मुंडावळ्या नीट असतात. तीन गोष्टी मात्र तपासाव्यात. लाह्या साळीच्या हव्यात. काही पिशव्यांत चुरमुरे भरलेले असतात. होमाचं तूप म्हणून दिलेली बाटली बाजूला ठेवून घरचं पाऊण किलो तूप वापरावं. समिधा कोरड्या आहेत ना ते मोडून पाहावं, कडकन मोडली पाहिजे. ओल्या समिधांचा धूर मांडवाच्या छताखाली कोंडतो आणि वधूवरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहतं, फोटोही सगळे तसेच येतात. होमकुंडाखाली विटा आणि वाळूचा थर, शेजारी पाण्याची बादली, आणि त्याच्या वरचं झालरीचं कापड बांधून बाजूला घेतलेलं.

पिशवीत न येणाऱ्या गोष्टी: नारळ अकरा, विड्याची पानं पन्नास, आंब्याचे डहाळे, अंतरपाटाला दोन मीटर पांढरं कापड, सप्तपदीच्या सात राशींचे तांदूळ, अश्मारोहणासाठी, म्हणजे नवरीनं दगडावर पाय ठेवायच्या विधीसाठी, सहाण. अक्षता दीड किलो पुरतात. त्या आदल्या दिवशी कुंकवात कालवून कागदावर वाळवाव्यात, ओल्या अक्षतांचा रंग शालूवर उतरतो. वाटताना मूठ नको, चिमूट द्यावी. मंगलाष्टकं लांबतात आणि मुठी पहिल्याच कडव्याला रिकाम्या होतात.

नोंदणी

कार्यालयातली मंडळी याची आठवण करून देतात, घरी कुणी करत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी नव्वद दिवसांत करायची असते. गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिका किंवा नगरपालिकेच्या विवाह निबंधकाकडे. तीन साक्षीदार लागतात आणि अर्जावर पुरोहिताची सही. गुरुजी निघण्याआधीच अर्जावर त्यांची सही घ्यावी, नंतर त्यांना शोधत फिरावं लागतं. घरच्या लग्नाची पत्रिका बरेच लोक छापत नाहीत, पण नोंदणीच्या वेळी ती मागितली जाते, नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. पंचवीस पत्रिका छापून घेणं सोपं. सप्तपदीचा एक स्पष्ट फोटो जपून ठेवावा. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो.

मांडववाल्याशी शेवटचं बोलणं राहिलं. त्याची माणसं त्याच संध्याकाळी सामान उचलायला येतात आणि सगळे खांब त्यांना सारखेच दिसतात. मुहूर्तमेढ मात्र देवक उठेपर्यंत हलवायची नसते, मग ते कुणाच्या घराण्यात दुसऱ्या दिवशी उठो की चौथ्या. म्हणून मेढ भाड्याच्या पाइपाला बांधू नये; स्वतंत्र खांब रोवून त्यालाच डहाळी बांधावी, आणि मांडव घालायला आलेल्या मुलांना तो पहिल्याच दिवशी हात लावून दाखवून ठेवावा.